रबरी फरशी आणि तिच्याखालचा कोबा

नव्या व्यायामशाळेतली रबरी फरशी पहिल्याच पावसाळ्यात सांध्यांवर उचलली गेली, मधेमधे फुगे दिसू लागले, की मालक रबराला दोष देतो. रबर विकणारा ते चिकटवणाऱ्या सोल्यूशनकडे बोट दाखवतो. सोल्यूशनवाला म्हणतो, पोरांनी नीट पसरले नाही. या भांडणात खालच्या कोब्याचे नाव सहसा कोणी घेत नाही, आणि बहुतेक वेळा अपराध त्याचाच असतो. तो ओला होता, खरखरीत होता किंवा त्यावर आधीचा काही थर राहून गेला होता, आणि हे कोणी तपासलेच नव्हते. रबरी चादर किंवा लादी बसवणारा कारागीर चांगला की वाईट, हे रबराची गुंडाळी उघडण्याआधी त्याने काय केले यावरून कळते, असे माझे ठाम मत आहे.

रबर पायाखाली आले ते गंधकामुळे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने ते स्थिर करण्याची युक्ती सापडली आणि मग रबराच्या टिकाऊ वस्तू घडू लागल्या. फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद फ्रँक फर्नेस यांनी १८९४ मध्ये एकमेकींत अडकणाऱ्या रबरी लाद्यांचे पेटंट घेतले. पाय न घसरणारी, आवाज गिळणारी ही फरशी वर्दळीच्या जागांना सोयीची होती. मिलान शहराची मेट्रो १९६४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांत पिरेली कंपनीची गोल उंचवट्यांची काळी रबरी फरशी घातली गेली. पुढे तो गोल ठिपका जगभरच्या स्थानकांत, विमानतळांवर आणि जिन्यांवर पोचला. त्यात निव्वळ शोभा नव्हती. बुटांबरोबर आलेले पाणी उंचवट्यांच्या मधल्या जागेत उतरते आणि तळवा कोरड्या माथ्यावर टेकतो.

आज फरशीसाठी झाडाच्या चिकाचे रबर थोडेच वापरतात. बरेचसे रबर कृत्रिम असते. व्यायामशाळेतल्या जाड लाद्या बहुधा जुन्या टायरच्या भुग्यापासून होतात. तो भुगा पॉलियुरेथेनच्या बंधकात दाबून लादीचा आकार देतात. इस्पितळातली गुळगुळीत, दोन-तीन मिलिमीटरची चादर वेगळी आणि मुलांच्या बागेत पडझडीपासून वाचवणारी मऊ लादीही वेगळी. तेल सांडणाऱ्या जागी साधे रबर फुगते, म्हणून तिथे नायट्राइल रबर लागते. उघड्यावर ऊन आणि ओझोनमुळे साध्या रबराला बारीक चिरा जातात, तिथे ईपीडीएम हे कृत्रिम रबर टिकते. जागा पाहून माल सुचवणे हाही कारागिराच्या कामाचा भाग आहे. दुकानदाराकडे जे शिल्लक आहे ते सगळीकडे चालत नाही.

आता कोब्याकडे येऊ, कारण निम्म्याहून अधिक कौशल्य तिथेच लागते.

काँक्रीटमध्ये सिमेंटशी रासायनिक क्रिया होण्यासाठी लागते त्याहून जास्त पाणी घालतात, कारण त्याशिवाय ते ओतता आणि पसरवता येत नाही. उरलेले पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू वरच्या तोंडाने बाहेर पडते. ब्रिटिश फरशीकामातला जुना आडाखा असा की चांगली हवा खेळत असेल, तर पहिल्या ५० मिलिमीटर जाडीला दिवसाला १ मिलिमीटर या वेगाने सुकायला वेळ द्यावा. त्याहून जाड थर आणखी सावकाश सुकतो. म्हणजे ५० मिलिमीटरच्या कोब्याला जवळजवळ दोन महिने, तर १५० मिलिमीटरच्या स्लॅबला वर्षाच्या आसपास. आपल्याकडे कोबा घोटून झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. पांढरट, कोरडा दिसणारा पृष्ठभाग पाहून सगळे निश्चिंत होतात.

तो दिसणारा कोरडेपणा फसवा असतो. हवेला लागलेला वरचा भाग आधी सुकतो, पाणी तळाशी राहते. त्यावर रबर चिकटवले की वाफेची वाट बंद होते, कारण रबरातून ती जवळपास जात नाही. मग खालचा ओलावा हळूहळू वर सरकतो आणि साऱ्या जाडीत सारखा पसरतो. तो येताना सिमेंटमधला अल्कलीही बरोबर आणतो. बऱ्याच चिकटपदार्थांना हे अल्कलीयुक्त पाणी सोसत नाही. ते मऊ पडतात, साबणासारखे बुळबुळीत होतात आणि त्यांची पकड सुटते. म्हणून अमेरिकन मानकात ओलावा वरून मोजत नाहीत. एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबला जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून त्यात आर्द्रतामापक बसवतात. फरशी झाकल्यावर वरच्या थराला पुढे जेवढी आर्द्रता सोसावी लागणार आहे, तिचा अंदाज त्या खोलीवरून येतो. ब्रिटनमध्ये ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही नेहमीची मर्यादा धरतात. काही आधुनिक चिकटपदार्थ त्याहून जास्तही सोसतात, पण ते डब्यावर लिहिलेले असेल तरच मानावे.

जर्मनीत दुसरी पद्धत रुळलेली आहे. कोब्याचा तुकडा खालपर्यंत फोडून काढतात, कुटतात आणि वजन करून पोलादी बाटलीत टाकतात. बाटलीत कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी आणि पोलादी गोळ्या असतात. बाटली जोरात हलवली की कुपी फुटते, कार्बाइडची ओलाव्याशी क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि झाकणावरच्या मापकात दाब दिसतो. दाबावरून पाण्याचे प्रमाण काढतात. सिमेंटच्या कोब्याला साधारण २ टक्क्यांच्या वर गेल्यास काम सुरू करत नाहीत. आपल्याकडच्या लहान कामांत ही साधने क्वचितच दिसतात. तिथे निदान एक साधी चाचणी तरी करावी. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद चारही कडांना टेपने घट्ट चिकटवून किमान १६ तास ठेवायचा. खालून थेंब जमले किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर काम थांबवायचे. थेंब जमले नाहीत म्हणून मात्र कोबा सुकला असे सिद्ध होत नाही. ही चाचणी धोका दाखवते, हमी देत नाही.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतलीच आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत स्लॅब ७५ टक्क्यांपर्यंत सुकणे शक्यच नाही. कितीही दिवस थांबलात, तरी बाहेरची हवा त्याच्यातून पाणी ओढून घेणार नाही. बंद खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र किंवा वातानुकूलन लावावे लागते, नाहीतर दिवाळीनंतरची वाट पाहावी लागते. तळमजल्यावर जमिनीतून ओल येत असेल, खाली प्लास्टिकचा थर घातलेलाच नसेल, तर वाट पाहूनही उपयोग नाही. तिथे इपॉक्सीचे ओलरोधक लेप देतात आणि शेवटचा लेप ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू भुरभुरतात, म्हणजे पुढच्या थराला धरायला खरबरीतपणा मिळतो. हा खर्च मालकाला टोचतो. तरी तो सांगण्याची हिंमत कारागिराने दाखवायला हवी. कारण फरशी सुटली की उचलण्याचा, घासण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.

ओलाव्यानंतर सपाटी. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर टेकवून सगळीकडे फिरवायची आणि खाली किती फट दिसते ते पाहायचे. चांगल्या कामाला ३ मिलिमीटर, सर्वसाधारण कामाला ५ मिलिमीटर इतकी फट चालते. दोन मिलिमीटर जाडीचे रबर खालचा खड्डा झाकत नाही, उलट वरच्या प्रकाशात तो जास्तच उठून दिसतो. थापीची रेघ, वाळूचा दाणा, सिमेंटचा थेंब, सगळे वर उमटते. जाणते कारागीर संध्याकाळी खोलीतले दिवे मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरतात. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि कुठे घासायचे, कुठे भरायचे ते खडूने खुणावता येते. मग आपोआप समतल होणारे मिश्रण ओततात आणि त्यावर काटेरी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे फोडतात. त्याआधी प्रायमर मात्र विसरायचा नाही. कोरडा कोबा मिश्रणातले पाणी झपकन ओढून घेतो आणि मग वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

कोबा पाणी शोषतो की नाही हेही बघावे लागते. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मुरले तर ठीक. मोत्यासारखे तसेच बसून राहिले तर वर मेण, पॉलिश, ऑइल पेंट किंवा क्युरिंगचे रसायन आहे असे समजावे. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक चिकटपदार्थ सुकतो तो त्यातले बरेच पाणी कोब्यात मुरल्यामुळे. ते मुरायला वाव नसेल तर तो रबराखाली दिवसेंदिवस ओलाच राहतो. आपल्याकडे हा प्रश्न व्हिट्रिफाइड लाद्यांवर येतो, कारण जुनी फरशी फोडायला कोणी तयार नसते. तिच्यावर रबर बसवता येते, पण आधी प्रत्येक लादी ठोकून पाहायची, पोकळ वाजेल ती काढून भरायची, चकाकी घासून घालवायची, प्रायमर लावायचा आणि समतल थर ओतायचा. नाहीतर काही महिन्यांत खालच्या सांध्यांची चौकट रबरावर जशीच्या तशी दिसू लागते.

आता कुठे रबराची पाळी. खोक्यातून काढलेल्या लाद्या आणि उघडलेल्या चादरी त्या खोलीतच, कामाच्या वेळी असणार त्या तापमानात, एक-दोन दिवस पडू द्यायच्या. गुंडाळी उलगडून मोकळी सोडली की तिच्यातला ताण हळूहळू उतरतो. ओढले की लांबणे आणि सोडले की परतणे हा रबराचा स्वभावच. फरशी बसवणाऱ्याने त्याच्याशी झगडायचे नसते. चादर जराशी अपुरी पडली म्हणून ओढून फट मिटवली, तर ती रातोरात पूर्वीच्या मापावर जाते आणि फट पुन्हा उघडते. उलट लादी दोन लाद्यांमध्ये कोंबून बसवली, तर कडा एकमेकींना ढकलत वर उठतात. सिरॅमिकची लादी बसवणारा मिस्त्री रबरी लादीलाही ठोकून घट्ट करू पाहतो. तो हुशार असला तरी ही सवय त्याला सोडावी लागते. रबराची कड शेजारच्या कडेला नुसती टेकवायची, दाबायची नाही.

लाद्यांची आखणी मात्र गवंड्याला ओळखीची आहे. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून खडूच्या दोरीने दोन रेघा मारायच्या, आणि त्या एकमेकींना काटकोनात आहेत का ते तीन-चार-पाचच्या मापाने तपासायचे. एका रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट आणि तिरपे अंतर बरोबर ५ फूट. खोली मोठी असेल तर तेच माप दुप्पट-तिप्पट घ्यायचे, म्हणजे चूक लपत नाही. भिंतीवर विसंबून आखणी करू नये, कारण जुन्या इमारतींत एकही कोपरा काटकोनात सापडत नाही. सोल्यूशन न लावता एक रांग मांडून पाहायची. भिंतीशी दोन-चार बोटांची पट्टी उरत असेल तर मधली रेघ अर्धी लादी सरकवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे, रुंद तुकडे येतात. लादीच्या पाठीवर बाण असतात. ते सगळे एकाच दिशेला ठेवायचे की आलटून-पालटून फिरवायचे, हे बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे आधी ठरवावे. मधेच बदलले की प्रकाशात रंगाचे डाग दिसतात. निरनिराळ्या बॅचच्या लाद्या एकाच खोलीत मिसळल्या तरी तेच होते.

चिकटपदार्थ दातेरी थापीने पसरतात. दातांचे माप हीच त्याची मोजपट्टी असते, कारण दर चौरस मीटरला किती माल पडायचा हे दातच ठरवतात. कोब्यावर घासून दात झिजतात, म्हणजे कामाच्या शेवटच्या भागात माल कमी पडतो आणि नेमका तिथेच पुढे रबर सुटते. म्हणून थापीची पट्टी वेळोवेळी बदलावी लागते. माल जास्त पडला तरी वाईटच. जाड थरावर खुर्चीचा पाय टेकला की रबर तिथे दबते आणि खळगा कायम राहतो. पसरल्यावर किती वेळ थांबायचे आणि किती वेळात रबर टेकवायचे, हे प्रत्येक डब्याचे आणि त्या दिवसाच्या हवेचे वेगळे गणित असते. नागपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात एकच घड्याळ चालत नाही. अधूनमधून बसवलेली लादी कोपऱ्यातून उचलून बघावी. पाठीवर चिकटपदार्थ सगळीकडे लागलेला दिसला तर वेळ साधली. थापीच्या रेघा जमिनीवर कोरड्या उभ्या असतील तर उशीर झाला, आणि तेवढा माल खरवडून पुन्हा पसरणे हाच उपाय.

चादरीचे काम लादीहून अवघड. आधी भिंतीच्या मापापेक्षा थोडी लांब कापून कोरडीच मांडतात, भिंतीचा वाकडेपणा तिच्यावर उतरवून घेतात आणि शेजारच्या दोन चादरी एकाच दिशेने येतील असे बघतात. सांधा दाराच्या मधोमध येऊ देत नाहीत, कारण सगळ्यांचे पाय तिथेच पडतात. मग चादर अर्धी दुमडून मागे घ्यायची, उघड्या जागेत सोल्यूशन पसरायचे आणि सावकाश पुढे लोटत बसवायची, म्हणजे हवा पुढे सरकत जाते. त्यानंतर उरलेली अर्धी. आकडी पात्याने कड किंचित तिरकी, आतल्या बाजूला कापतात, त्यामुळे वरचे ओठ जुळतात आणि खाली जराशी मोकळीक राहते. शेवटी पन्नास किलोंच्या आसपासचा भारी रोलर आधी आडवा, मग उभा फिरवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. सांध्यांवर रात्रभर वजन ठेवतात. व्हिनाइलचे सांधे गरम करून जोडतात तसे रबरात दरवेळी लागत नाही. इस्पितळासारख्या सतत ओल्या होणाऱ्या जागी मात्र सांध्यात वेगळा गरम धागा किंवा लेप भरून तो बंद करतात.

कारागिराची खरी परीक्षा जिन्यात आणि कोपऱ्यात होते. पायरीची पुढची कड झिजून गोल झालेली असते. ती कड झाकणारे रबरी नोझिंग तिच्यावर पोकळ बसले, तर प्रत्येक पावलाला वाकते आणि शेवटी चिरते. म्हणून ती कड इपॉक्सीच्या लांबीने भरून नोझिंगच्या आतल्या आकाराशी जुळवावी लागते. शस्त्रक्रियागृहात चादर भिंतीवर १०० ते १५० मिलिमीटर चढवतात, म्हणजे जमीन आणि भिंत यांच्यामध्ये घाण साठायला कोनाच उरत नाही. आतल्या कोपऱ्यात रबर दुमडून कापतात. बाहेरच्या कोपऱ्यात ते कमीच पडते, तिथे पाचरीच्या आकाराचा तुकडा बेमालूम बसवावा लागतो. हे काम सुबक करणारा माणूस सापडला की त्याला सोडू नये.

विजेच्या बाबतीत रबराची दोन परस्परविरोधी रूपे या एकाच धंद्यात भेटतात. स्विचबोर्डासमोर घालायच्या चटईचे काम वीज अडवण्याचे. आयएस १५६५२ या २००६ च्या भारतीय मानकात त्यासाठी ३.३ किलोव्होल्टपर्यंत २ मिलिमीटर, ११ पर्यंत अडीच आणि ३३ पर्यंत ३ मिलिमीटर जाडी सांगितली आहे. याउलट ईथर आणि सायक्लोप्रोपेन वायूने भूल देण्याच्या काळात शस्त्रक्रियागृहातली फरशी वीज वाहून नेणारी असावी लागे, कारण अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगी स्फोटाला पुरे. तिथे कार्बनची काजळी मिसळलेले रबर, वाहक चिकटपदार्थ आणि खाली जमिनीशी जोडलेली तांब्याची पट्टी वापरत. आता तीच रचना इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत नाजूक भागांना वाचवते. काळ्या रबराचा तुकडा हातात घेऊन तो यातला कोणता हे डोळ्यांनी सांगता येत नाही. चाचणीचे कागद पाहिल्याशिवाय असे काम घेऊ नये.

रबरी फरशी कशी घालावी याची भारतीय संहिता, आयएस ११९७, कित्येक दशकांपासून छापील आहे. अमेरिकेत सुतारांच्या संघटनेने फरशी-आच्छादनासाठी स्वतंत्र प्रशिक्षण उभे केले आहे. आपल्याकडे हे काम बहुधा गालिचा किंवा व्हिनाइल बसवणाऱ्या टोळीकडे चौरस फुटाच्या दराने जाते, आणि त्या दरात कोबा तपासण्याचे पैसे कोणी धरत नाही. दर असाच राहिला तर कारागीर थांबणार नाही, ओल्या कोब्यावरच बसवेल. त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ओलाव्याची चाचणी आणि समतलीकरण या दोन गोष्टी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळींत लिहून मागाव्यात. तसे झाले तर काम जपून करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेल.

कारागिराच्या शरीराचाही विचार त्या मोबदल्यात यायला हवा. डेन्मार्कमध्ये फरशी-आच्छादन बसवणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत गुडघ्याच्या सांध्याची झीज इतरांपेक्षा जास्त आढळली. तिथे उभ्याने चिकटपदार्थ पसरता यावा म्हणून लांब दांड्याची साधने प्रचारात आणली गेली. आपल्याकडे गुडघ्याखाली सिमेंटची रिकामी गोणी दुमडून घेतात. गुडघ्यांच्या गाद्या महाग नाहीत. लहान, बंद जिन्यात टोल्यूइनसारख्या द्रावकाचे सोल्यूशन लावत असाल तर खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास विडी, वेल्डिंग काही नको. त्या वाफेने भोवळही येते आणि ती पेटही घेते.

काम संपल्यावर पहिला दिवस त्यावर शक्यतो चालू नये, जड यंत्रे दोन-तीन दिवस आणू नयेत आणि ओले पुसणेही तितकेच लांबवावे. व्यायामशाळेच्या सुट्या, अडकणाऱ्या लाद्यांना भिंतीशी थोडी फट ठेवावी. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की रबर काँक्रीटपेक्षा खूप जास्त प्रसरण पावते आणि जागा नसेल तर मधे उठते. रबरी चटई व्हिनाइलवर घालू नये, रबरातली द्रव्ये उतरून व्हिनाइलवर न जाणारे पिवळे डाग पडतात. उरलेल्या लाद्यांचे एक खोके, बॅचच्या चिठ्ठीसकट, सावलीत सपाट ठेवावे. एखादी लादी फाटली तर ती मधोमध कापून, गरम हवेच्या यंत्राने सैल करून मधून कडेकडे सोलत काढतात, म्हणजे शेजारच्या कडा दुखावत नाहीत. खालचा जुना चिकटपदार्थ खरवडून नवी लादी बसवली की ती काही महिने इतरांपेक्षा गडद दिसते. पायांनी ती हळूहळू त्यांच्यासारखी होते.